अ‍ॅनिमे म्हणजे सैतानाचं दार? मग सुपरबुक कुठे ठेवायचं?

नगरी_संडेस्कूल: आमच्या तरुण संघाच्या ग्रुपवर परवापासून एक पोस्ट फिरतेय. सार असं की अ‍ॅनिमे (जपानी कार्टून) ही जपानी भुतांची पूजा, मोठे डोळे काढतात ते मुलांना वश करायला, ख्रिस्ती आईबापांनी आजच्या आज बंद करावं. खाली आमेनची रांग. मी काही लिबरल नाही, पण हे वाचून डोकंच फिरलं. संडे स्कूलला आपण ज्या सुपरबुक या बायबल-कार्टूनच्या सीडी लावायचो, दावीद-गल्याथ वगैरे, ते १९८१ साली जपानच्या तात्सुनोको स्टुडिओने बनवलंय, आणि बनवून घेतलं पॅट रॉबर्टसन या अमेरिकन धर्मप्रचारकाच्या सीबीएन या ख्रिस्ती चॅनलने. आता याहून कर्मठ माणूस कुठून आणू?

फुलमेटल अल्केमिस्ट ही सिरीज घ्या. किमयेची वर्तुळं, सात महापापांची नावं लावलेले खलनायक, वरवर बघितलं तर बायबलात अनुवाद १८ मध्ये मना केलेलं, जादूटोणा वगैरे, सगळंच. पण गोष्ट काय? दोन भाऊ मेलेल्या आईला परत आणायला जातात, समोर येतं ते भलतंच भयंकर काहीतरी, एकाचा पाय जातो, दुसऱ्याचं अख्खं शरीर. शौल राजा मेलेल्या शमुवेलाला बोलवायला एन-दोरच्या भूतविद्येवाल्या बाईकडे गेला आणि त्याचं काय झालं ते शमुवेलात आहेच ना, तो अध्याय फाडायचा का? पाप पडद्यावर दिसलं की नाही हे मोजू नका, ती गोष्ट पापाला काय म्हणते ते बघा.

शालोम_आंटी: फार हुशारीने लिहिलंत भाऊ. पण तुमचा हीरो देवाबद्दल काय बोलतो ते बरं गाळलंत! मी मुलाशेजारी बसून बघितलंय. सुरुवातीच्याच भागांत एक भोंदू धर्मगुरू, त्याच्यावर विश्वास ठेवणारी बिचारी मुलगी, आणि हा नास्तिक पोरगा तिला अक्कल शिकवतो. आणि भुतांचं सोडाच, शाळेच्या गणवेशातल्या पोरींना कितीतरी सिरीजमध्ये ज्या अँगलने दाखवतात ते काय आहे? मुलाला विचारलं तर म्हणतो मम्मी ते फॅन सर्व्हिस असतं, मी स्किप करतो. अरे पण स्किप करायला आधी दिसावं लागतं ना. जे शुद्ध त्याचंच मनन करा, हे फिलिप्पै ४:८ हॉलमध्ये फ्रेम करून लावायचं आणि त्याच भिंतीखाली हे बघायचं?

नगरी_संडेस्कूल: फॅन सर्व्हिसवर वाद नाही, ती घाणच आहे. पण त्या पोस्टमध्ये त्याबद्दल एक ओळ नाही, सगळा जोर डोळ्यांच्या साइजवर. आणि भोंदूंचं म्हणाल तर मत्तय २३ मध्ये येशूने त्यांना काय कमी सुनावलंय?

वसईचा_पोर: जपान म्हटलं की लगेच भूत भूत. आमच्या वसईत जन्मलेला संत गोन्सालो गार्सिया १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मेला, २६ जणांमध्ये. नंतर तिथल्या लोकांनी अडीचशे वर्षं लपूनछपून विश्वास टिकवला. आपण दोन रविवार पाऊस पडला तर मिस्सा चुकवतो. आणि व्हॅटिकनने २०२५ च्या ज्युबिलीसाठी लुचे ही कार्टून मॅस्कॉट काढली ती काय आहे? पिवळा रेनकोट, चिखलाचे बूट, हे एवढाले डोळे. झाले का पोप वश?

प्रभूचा_शिपाई: व्हॅटिकनचं प्रमाणपत्र आम्हाला नको. मूर्ती झाल्या, आता कार्टून. सप्टेंबर २०२५ ला डेमन स्लेयरचा पिक्चर आला तेव्हा आमच्याच मंडळीतली पोरं रांगेत. त्या सिरीजमध्ये राक्षस मरताना हीरो त्याचा हात धरतो. सैतानाची कीव करायला शिकवतात! पण ज्यांच्या घरी गणपतीचा मोदक चालतो त्यांना काय सांगणार.

वसईचा_पोर: ते राक्षस आधी माणसं असतात, बघितलंयस का तू? आणि मोदक कुठून आला मध्येच??

प्रभूचा_शिपाई: तिथूनच सुरू होतं सगळं. आज मोदक, उद्या आरतीला टाळ्या.

चाळीतली_रूथ: मोदकावर मला बोलू दे. आमच्या मम्मीने शेजारच्या काकूंचा प्रसाद तोंडावर परत केला होता, काकूंनी नंतर वर्षभर काही पाठवलं नाही. मग पप्पा अ‍ॅडमिट झाले तेव्हा रोज दोन वेळचा डबा कोणी आणला? त्याच काकूंनी. देवापुढे ठेवलं होतं का असं तेव्हा मम्मीने नाही विचारलं. आमच्या मंडळीतले लोक प्रार्थना करून जायचे, डबा कोणाच्या हातात नसायचा.

प्रभूचा_शिपाई: डबा वेगळा, प्रसाद वेगळा. भावनिक करू नका.

चाळीतली_रूथ: आणि दिवाळीची करंजी? लक्ष्मीपूजनाच्या आधी तळलेली चालते आणि नंतरची नाही, असं टाइमटेबल आहे का तुझ्याकडे?

नगरी_संडेस्कूल: अहो धागा अ‍ॅनिमेवर आहे. तरी आलाच आहात तर पौलाने हे १ करिंथ ८ मध्ये सोडवलंय. मूर्ती काहीच नाही, ज्याला ज्ञान आहे त्याला खाल्ल्याने फरक पडत नाही. अ‍ॅनिमेलाही तेच लावा.

शालोम_आंटी: लावते की. त्याच अध्यायात पुढे लिहिलंय, तुमच्या ज्ञानामुळे दुर्बळ भावाला ठेच लागत असेल तर खाऊ नका. माझा चौदा वर्षांचा आहे तो दुर्बळ भाऊ. तुम्ही चाळिशीत बसून एन-दोर शोधता, तो काय शोधतो ते मला माहितीये.

नगरी_संडेस्कूल: बरं बाई, हे मानलं. चौदाव्या वर्षी आईने शेजारी बसावं, आणि काही सिरीज घरात येऊच नयेत. पण हे तुम्ही बघून ठरवलंत, फॉरवर्ड वाचून नाही. म्हणजे बाजू माझीच.

शालोम_आंटी: हो का. तुमचीच हो.

चाळीतली_रूथ: @शिपाई, उत्तर राहिलं. १ करिंथ १०:२७ वाच. पुढ्यात वाढलेलं खा, चौकशी करू नको.

प्रभूचा_शिपाई: तू २८ वाच. कोणी सांगितलं हे मूर्तीपुढचं आहे, तर खाऊ नको.