कुशिरोचे क्रौंच राहिलेच की!

जपानच्या राष्ट्रीय उद्यानांवरच्या वरच्या चर्चेत फुजी आणि निक्कोबद्दल छान लिहिलंय, पण होक्काइदो या उत्तरेकडच्या बेटावरच्या कुशिरो-शित्सुगेन उद्यानाचं नाव कुणीच घेतलं नाही, म्हणून हा प्रतिसाद. लव्हाळ्यांची अफाट दलदल आणि तिच्यातून वळणं घेत जाणारी कुशिरो नदी. तांबड्या माथ्याचा क्रौंच, म्हणजे तांचो, जपानातून संपला असंच लोक धरून चालले होते; १९२४ साली इथे मोजके पक्षी पुन्हा सापडले. १९५०च्या दशकात कडाक्याच्या थंडीत उपाशी पक्ष्यांना गावकऱ्यांनी मक्याचे दाणे घालायला सुरुवात केली. आज होक्काइदोत हजाराहून जास्त क्रौंच आहेत! या दलदलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मात्र १९८७ साली मिळाला. जाणार असाल तर फेब्रुवारीत जा, शेजारच्या त्सुरुई गावात जोडीचं नृत्य बर्फावर बघायला मिळतं. फक्त फोटोसाठी फार जवळ जाऊ नका, प्लीज.