वर्गात ‘गॉना’, ‘वॉना’ शिकवावं का?

खडू_फळा: आठवीला इंग्रजी शिकवते. परवा एका मुलीनं निबंधात लिहिलं, ‘आय ॲम गॉना स्कूल’. मी लाल रेघ ओढली, म्हटलं, असलं इंग्रजी लिहायचं नाही. ती म्हणाली, “मॅडम, मालिकांत सगळे असंच बोलतात.” मला उत्तर सुचलं नाही, ते अजून डाचतंय. बोलीभाषेतलं इंग्रजी शिकवायचं की टाळायचं?

उजळणी: ताई, चूक आहेच, पण तुम्ही सांगितली ती नव्हे. मालिकेतला माणूससुद्धा ‘गॉना स्कूल’ म्हणणार नाही. पुढे क्रियापद असेल तरच ‘गोइंग टू’चं ‘गॉना’ होतं: ‘आय ॲम गॉना ईट’. पुढे जागा आली की ‘गोइंग टू स्कूल’च. तसंच ‘वॉन्ट टू’चं ‘वॉना’ होतं: ‘आय वॉना गो’ चालतं, ‘ही वॉना गो’ नाही, कारण तिथे मुळात ‘वॉन्ट्स टू’ असतं. बोलीलाही व्याकरण असतं, आणि मुलांना ते शिकवलं तर ती मन लावून ऐकतात, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव. आपण नाही का ‘जातो आहे’चं ‘जातोय’ करतो? त्याला कुणी अशुद्ध म्हटलं तर मला राग येतो.

मागचा_बाक: पण परीक्षेत मुलानं ‘गॉना’ लिहिलं तर गुण कापतात. आधी प्रमाण भाषा पक्की होऊ द्या.

उजळणी: लिहू नकाच म्हणून सांगायचं, पण ऐकून कळलंच पाहिजे. ब्रिटनमध्ये कुणी ‘यू ऑल राइट?’ म्हणालं तर ते बहुतेक वेळा नुसतं ‘काय, कसं काय?’ असतं. हे माहीत नसलेला माणूस तब्येतीचं सांगत बसतो. मी एकच निरोप मुलांकडून दोनदा लिहून घेते, मुख्याध्यापकांना आणि मित्राला. कुठे काय बसतं, ते त्यांचं त्यांना उमगतं. फॅशनचे शब्द मात्र शिकवत नाही, ते लवकर शिळे होतात. अर्थात सगळेच नाही: ‘ओके’ 1839 मध्ये बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात गंमत म्हणून छापलं गेलं, आज जगभर चालतं.

खडू_फळा: म्हणजे तिला ‘असलं इंग्रजी’ म्हणून मी दुखावलं, आणि खरी चूक सांगितलीच नाही. उद्या वही मागवून घेते. ‘गॉना’च्या पुढे ‘गो टू’ लिहून दाखवते, आणि निरोपाचा प्रयोग तिच्यापासूनच सुरू करते.