नुसतं 'मी लॅटिनो' लिहून भागत नाही
अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानंतर लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) मुलांनी तिथल्या लॉ स्कूलच्या अर्जात आपली ओळख लपवावी का, असा प्रश्न विचारला जातो. अजिबात नको. २९ जून २०२३ च्या हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशांबद्दलच्या या निकालाने अर्जातल्या वंशाच्या रकान्यावरून झुकतं माप देणं बंद झालं, हे खरं. पण त्याच निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स म्हणतात की वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदार लिहू शकतो. फक्त ते त्याच्या स्वतःच्या जिद्दीशी, गुणांशी जोडलेलं हवं.

आमच्या शेजारच्या मेक्सिकन कुटुंबातल्या मुलाने मला निबंध दाखवला होता. पहिला मसुदा म्हणजे नुसता 'माझा समाज, माझा संघर्ष'. म्हटलं, बाबा रे, हे भाषण झालं! मग त्याने लिहिलं की ११ वर्षांचा असताना घरमालकाची नोटीस त्याने आईला स्पॅनिशमध्ये वाचून दाखवली. 'इव्हिक्शन'ला (घर रिकामं करायला लावणं) शब्दच सुचेना, म्हणून 'आपल्याला जावं लागेल' एवढंच सांगितलं. आई गॅस बंद करून खाली बसली. बस, निबंध तिथे उभा राहिला.

बाकी एलसॅट (लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा, गुण १२० ते १८०) आणि जीपीएला (कॉलेजातल्या गुणांची सरासरी) पर्याय नाही. ऑगस्ट २०२४ पासून एलसॅटमधले लॉजिक गेम्स (तर्काच्या कोड्यांचा भाग) गेलेत, तेव्हा जुनी गाइडं विकत घेऊ नका. पैशांची अडचण असेल तर परीक्षेची नोंदणी करण्याआधीच एलसॅककडे (ही परीक्षा घेणारी संस्था) फी माफी मागा. आणि बऱ्याच ठिकाणी अर्ज येतील तसे तपासले जातात, म्हणून शेवटच्या तारखेपर्यंत थांबू नका.