स्वालबार्डच्या हिमनद्या बोटीतून बघायच्या आहेत, आईला झेपेल का?

तापीकाठचा (अमळनेर): जुलैत नॉर्वेला जायचं ठरतंय. तिथून पुढे स्वालबार्डला (उत्तर ध्रुवाकडची नॉर्वेची बेटं) जाऊन फ्योर्डमधली (डोंगरांमध्ये आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी) बोट करायची इच्छा आहे. आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात. मे महिन्याचं आपलं ४५ अंशाचं ऊन ती आरामात सोसते, थंडीची सवय मात्र अजिबात नाही. कोणी जाऊन आलंय का?

भुसावळची भूगोलवाली: भाऊ, आईंना जरूर न्या. मी शाळेत हिमनदी फळ्यावर काढून शिकवायचे, निवृत्तीनंतर लेकासोबत जाऊन पाहिली. लॉन्गयरब्येनहून (स्वालबार्डचं मुख्य गाव) दिवसभराची बोट घ्या. बिलेफ्योर्डमध्ये नॉर्डेनशॉल्ड हिमनदीसमोर थांबणारी आणि आत बसायला उबदार जागा असलेली. रबरी बोटीत गुडघ्यांना हादरे बसतात, ती नको.

बोट हिमनदीपासून बरीच लांब थांबते. तेव्हा जवळ न्या म्हणून कप्तानाला गळ घालू नका. कडा कधी कोसळेल ते सांगता येत नाही आणि मोठी लाट उठते. आधी बर्फ पडताना दिसतो, गडगडाट मागून येतो. इंजिन बंद झालं की आईंना डेकवर आणा. तरंगते तुकडे वितळताना त्यांत दाबून अडकलेली जुनी हवा सुटते, फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. दाट बर्फ लाल प्रकाश शोषून घेतो, म्हणून कडा निळा दिसतो. कड्याच्या पायथ्याशी पक्ष्यांची झुंबड असेल. बर्फाखालून आलेलं गोडं पाणी हलकं, ते वर चढताना सूक्ष्म जीवही वर आणतं, त्यावर ते ताव मारतात. आमची बोट उभी होती तिथे जुन्या नकाशात बर्फ आहे, म्हणजे हिमनदी तेवढी मागे हटलीय. मला तिथे रडू आलं. विद्यार्थ्यांना हे दाखवायला हवं होतं, असं फार वाटलं.

जुलैत तापमान साधारण ५ ते ७ अंश. वाऱ्याचाच त्रास जास्त. लोकरीचे आतले कपडे, वर वारा अडवणारं जाकीट, कानटोपी. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या.

चोपडेकर: व्हिसाचं बघा. स्वालबार्ड शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) बाहेर आहे, त्यामुळे परत नॉर्वेत शिरायला किमान दोन प्रवेशांचा शेंगेन व्हिसा लागतो. आणि पांढरं अस्वल जवळून दाखवतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. २०२५ पासून ३०० मीटर अंतर सक्तीचं आहे, मार्च ते जूनमध्ये ५००.

तापीकाठचा: ताई, दादा, खूप आभार. आई बिबडे (ज्वारीचे पापड) आणि घरचं तूप बांधायला निघालीय, चालेल ना?

भुसावळची भूगोलवाली: तूप, पेढे नको. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. बिबड्यांचं तुम्ही कस्टम्सच्या साईटवर एकदा बघून घ्या. आणि आईंना डोळ्यांवरची पट्टी द्या, तिथे जुलैत सूर्य मावळतच नाही.