सल्ला हवा: छोट्या दालमिलसाठी पैशाचा सल्लागार लावावा का? (निलंगा, जि. लातूर)

दालमिल_निलंगा:
नमस्कार मंडळी. निलंगा तालुक्यात गावातच आमची छोटी दालमिल आहे, चार वर्षं झाली. आधी शेतकऱ्यांची तूर भरडून द्यायचो, मजुरी घ्यायचो. गेले दोन हंगाम रास झाली की स्वतः तूर घेतो आणि डाळ करून औसा, उमरगा, लातूरच्या किराणा दुकानांत देतो. वर्षाची विक्री ३५ लाखांच्या घरात. माल चांगला आहे, गिऱ्हाईक परत मागतं. तरी हंगाम संपला की हातात काही राहत नाही. भाऊ म्हणतो, कर्ज काढून मोठी मशीन घेऊ. मला वाटतं आधी कुणा जाणकाराला दाखवावं. रिटर्न भरणारा माणूस आहे, पण तो वर्षातून एकदा कागद मागतो, तेवढंच. सल्लागार लावून कुणाला खरंच फरक पडलाय का?

खवाभट्टी_भूम:
दादा, मला पडला. माझी खव्याची भट्टी आहे. माझे सल्लागार पहिल्याच दिवशी भट्टीवर येऊन बसले, पहाटे पाचपासून. दूध मोजलं, सरपण काट्यावर घातलं, उतरलेला खवा तोलला. मग विचारलं, घरच्या चार म्हशींचं दूध कुठल्या भावानं धरता? मी म्हणलं, घरचंच आहे, त्याला कशाला भाव? तिथंच सगळं कळलं. डेअरीला घातलं असतं तर जे पैसे आले असते, ते मी कधी खर्चात धरलेच नव्हते. ज्या गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त खवा जायचा, त्याच्याकडं किलोमागं पदरचे पैसे जात होते. भाव वाढवून मागितला, त्यानं नाही म्हणलं, माल बंद केला. विक्री कमी झाली, पण त्या वर्षी पहिल्यांदा दिवाळीला उचल घ्यावी लागली नाही.

निवृत्त_बँकवाला_परभणी:
मशीनचं नंतर बघू. आधी सांगा, तूर घ्यायला पैसा कुठून आणता?

दालमिल_निलंगा:
थोडा घरचा. सात लाख ओळखीतल्या एकाकडून, शेकडा दोननं. दुकानदारांकडून वसूल व्हायला चार महिने लागतात.

निवृत्त_बँकवाला_परभणी:
हेच विचारायचं होतं. आकडे समजण्यापुरते धरतो, तुम्ही तुमचे टाका. १०० क्विंटल तूर ७,००० नं घेतली, झाले ७ लाख. डाळ उतरली ७० क्विंटल, १०,५०० नं गेली, आले ७,३५,०००. चुनी-टरफल २७ क्विंटल, २,००० नं ५४,०००. बाकी घट. एकूण ७,८९,०००. वीज, हमाली, तेल, मजुरी मिळून ४०,००० गेले. उरले ४९,०००.

आता व्याज. सात लाखांवर महिन्याला १४,०००, चार महिन्यांचे ५६,०००. म्हणजे दालमिल ४९ हजार कमावते आणि तुम्ही घरातून ७ हजार भरता. मशीन दुप्पट मोठी घेतली तर हाच तोटा दुप्पट होईल.

हेच सात लाख बँकेच्या कॅश क्रेडिटमधून ११ टक्क्यांनी वापरले, तर चार महिन्यांचं व्याज साधारण २५,७०० होतं. जेवढे दिवस, जेवढी रक्कम वापराल, तेवढंच व्याज. छोट्या उद्योगाला खेळतं भांडवल देताना नायक समितीची पद्धत आहे: अंदाजित वार्षिक विक्रीच्या २० टक्के बँक देते, ५ टक्के तुमचे. ३५ लाखांच्या विक्रीला ७ लाखांची मर्यादा बसते. पण विक्री बँकेला दिसायला पाहिजे. कच्च्या चिठ्ठीवरची विक्री दिसत नाही. मी तीस वर्षं कर्जाच्या फायली बघितल्या. चांगले धंदे मागं राहिले ते या एका गोष्टीमुळं, आणि त्यांना वेळेवर हे सांगणारं कुणी नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

हळदवाली_वसमत:
दादा, मशीन घ्यायचीच ठरली तर आमचं ऐका. आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी २०२३ मध्ये प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेतून हळद दळायचं युनिट टाकलं. तेव्हा ३५ टक्के अनुदान होतं, जास्तीत जास्त १० लाख, आणि स्वतःचे किमान १० टक्के. प्रकल्प अहवाल जिल्हा संसाधन व्यक्तीनं, म्हणजे या योजनेच्या मदतीसाठी जिल्ह्यात नेमलेल्या माणसानं, करून दिला. त्यांचं मानधन सरकार देतं, आपण एक रुपया द्यायचा नाही. त्याआधी एक एजंट मंजूर रकमेवर टक्केवारी मागत होता, त्याला दारातूनच परत पाठवलं. अनुदान लगेच हातात येत नाही बरं का. तीन वर्षं खात्यात अडकून राहतं, हप्ते नीट भरले तरच कर्जातून वळतं होतं.

सीए_लातूर:
रिटर्न आणि सल्ला ही दोन वेगळी कामं आहेत, फीही वेगळी ठरवा. तुमच्यासारख्या धंद्याला विक्रीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा दाखवून रिटर्न भरता येतं. कायद्यानं चालतं. पण तो आकडा आयकर खात्यासाठी असतो. तेवढा नफा खरंच झाला का, हे त्यातून कळत नाही, म्हणूनच चार वर्षांत तुम्हाला कुणी हे सांगितलं नाही.

आणखी एक. आज डाळ मोकळी देत असाल. लेबल लावून २५ किलोपर्यंतच्या पिशव्या भरायला लागलात की १८ जुलै २०२२ पासून त्यावर ५ टक्के जीएसटी आहे. मालाची उलाढाल ४० लाखांपुढं गेली की नोंदणीचा प्रश्नही येतो. तुम्ही त्या रेषेच्या जवळ आहात, भाव ठरवण्याआधी हे बोलून घ्या. आपल्याकडच्या बोरसुरी तूरडाळीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, पण पिशवीवर ते नाव टाकायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते.

पहिल्या भेटीला उधारीची वही, वर्षाची वीजबिलं आणि बँकेचं स्टेटमेंट आणा. जो हे न बघता कर्जाचीच गोष्ट काढेल, त्याच्याकडून उठून या. आणि शेअर-फंडाचा सल्ला देणारे सेबी नोंदणीकृत सल्लागार वेगळे असतात, ते या कामाचे नाहीत.

दालमिल_निलंगा:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भाऊ आणि मी उधारीची वही घेऊन बसलो. अकरा दुकानांकडं १,८३,००० अडकलेत, त्यातले ६२,००० गेल्या हंगामाचे. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणला, मशीनचं राहू दे. सोमवारी लातूरला जातोय. जायच्या आधी किलोचा खर्च काढतोय. बारदाना पण धरायचा ना?

खवाभट्टी_भूम:
बारदाना धरा, सुतळी धरा. आणि वहिनी डाळ निवडत असतील तर त्यांची मजुरीही लिहा.