नाचता येईना अंगण वाकडे

या म्हणीत माझं लक्ष आधी ‘येईना’कडे जातं. ‘येत नाही’ म्हटलं की विषय संपला. ‘येईना’त मात्र खटपट आहे. बाळ झोपेना, कुलूप उघडेना, तसंच नाचता येईना. म्हणजे माणूस अंगणात उतरलाय, पावलं टाकून पाहिलीत, ताल चुकलाय आणि आता चारचौघांत सबब सांगायची वेळ आलीय. हिंदीत ‘नाच न जाने’ म्हणतात, तिथे न येणं आधीच ठरलेलं असतं. मराठीत ते आपल्यासमोर घडतं.

म्हण एकट्या मराठीची नाही. बंगालीतही ‘उठोन’, म्हणजे अंगणच, वाकडं. कानडीत नाचता न येणारी म्हणते ‘नेल डोंकु’, जमीन वाकडी. तेलुगूत तर खापर मद्दलीवर, म्हणजे मृदंगासारख्या तालवाद्यावर, फुटतं, ‘आडलेक मद्देल ओडु’. ही मला सगळ्यांत बोचरी वाटते, कारण त्यात शेजारी बसून वाजवणाराही विनाकारण गोवला जातो.

अंगण वाकडं असलं तर नाच खरंच अडतो का? फुगडीच घ्या. दोघींनी चवडे जुळवायचे, हातांची अढी घालायची, मागे झुकून गरगरा फिरायचं. पायाखाली सारवलेली हातभर जागा सपाट असली की झालं. अंगणाची कड तिरपी की सरळ, फुगडीला त्याचं सोयरसुतक नाही. सबब पोकळ आहे ती इथे.

म्हणीचा दुसरा चरण हल्ली फारसा कानावर पडत नाही: ‘रांधता येईना ओली लाकडे’. वाकडे-लाकडे यमक सुरेख जमलंय, पण या दोन सबबी एका मापाच्या नाहीत, असं माझं ठाम मत आहे. ओलं लाकूड खरंच पेटत नाही. फुंकणीने फुंकून फुंकून छाती भरून येते, डोळे चुरचुरतात, घरभर धूर कोंडतो आणि भात कच्चाच राहतो. चुलीपुढे बसणारीची ही तक्रार रास्त होती, तीही म्हणीने बहाण्यात जमा केली.

म्हणून ही म्हण वापरताना आधी लाकडं चाचपावीत. तयारी न करता नापास झालेला प्रश्नपत्रिकेला नावं ठेवतो, तिथे ती चपखल बसते. बोथट करवत हाती देऊन सुताराला ती ऐकवणं मात्र सरळसरळ अन्याय आहे.