फरामीरचं आजोळ बघा ना!

कोणीतरी टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' कादंबरीतल्या फरामीरला 'बोरोमीरचा मवाळ धाकटा भाऊ' म्हणून मोकळं झालंय. अहो, आई फिन्डुइलास डोल आम्रोथच्या राजघराण्यातली, इम्राहिल सख्खा मामा! कादंबरीतल्या कालगणनेनुसार तिसऱ्या युगात २९८३ चा जन्म, पाचव्या वर्षी आई गेली. बाप डेनेथॉरचा जीव थोरल्यात. तरी भावाभावांत तेढ नाही. आम्हा नागपूरकरांना याचंच नवल. इथं १७५५ मध्ये पहिले रघूजी भोसले गेले अन् त्यांच्या मुलांत, जानोजी-मुधोजींत, गादीवरून जुंपली.

अन् जादुई अंगठी घेऊन निघालेल्या फ्रोडोला फरामीरनं ओढत ओस्गिलिआथ शहरात नेणं ही सिनेमाची करामत. कादंबरीत अंगठी हाताशी असून हा बाप्पा शिधा अन् काठ्या देऊन फ्रोडो अन् त्याचा सोबती सॅम यांना वाटेला लावतो. पुढं वीरांगना एओविनशी लग्न, इथिलियन प्रांताची जहागीर, आयुष्य १२० वर्षांचं. मवाळ म्हणे!